विद्यार्थीदशेत स्पोर्ट्स कार घ्यायची का? ठरवण्यापासून किल्ली हातात येईपर्यंत

शिकत असतानाच मी एक जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली, मनापासून वापरली आणि पुढे विकली. तेव्हापासून ओळखीतली कॉलेजची मुलंमुली गाडी घेण्याआधी मला विचारायला येतात. बहुतेकांची गाडी आधीच पसंत झालेली असते, फक्त कुणीतरी ‘घे’ म्हणायला हवं असतं. मी लगेच ‘घे’ म्हणत नाही. ‘हे काय वय आहे का’ असंही म्हणत नाही, कारण चांगली गाडी चालवण्यातला आनंद खरा असतो आणि तो विशीत हवासा वाटणं अगदी साहजिक आहे.

माझं म्हणणं एवढंच की गाडीची किंमत हा या प्रश्नाचा सगळ्यात लहान भाग आहे. गाडी घेणं जमतं का हे नंतर बघा, ती सांभाळणं जमतं का हे आधी कागदावर ठरवा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. पायरी २ आणि ३ पूर्ण होईपर्यंत कुठलीही गाडी चालवून बघू नका. एकदा चालवली की हिशोब मनासारखा जुळवायचा मोह होतोच.

## १. सध्या थांबायचं का, ते तपासा

यातली एक जरी गोष्ट लागू असेल तर या वर्षी गाडी नको:

- शिक्षणाची उरलेली फी अजून बाजूला काढलेली नाही.
- लायसन्स मिळून वर्षही झालेलं नाही.
- रात्री गाडी सुरक्षित लावायला जागा नाही. कापडी छताच्या गाडीला तर ही अट दुप्पट लागू.
- गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये पडून राहिली तर वर्गात, परीक्षेला किंवा कामावर पोचायचा दुसरा मार्ग नाही.

शेवटचा मुद्दा सगळे सोडून देतात. जुन्या स्पोर्ट्स कारचा सुटा भाग कधी कधी मागवावा लागतो आणि तो यायला वेळ लागतो. ज्यांचं रोजचं येणंजाणं एकाच गाडीवर अवलंबून आहे त्यांनी साधी, भरवशाची हॅचबॅक घ्यावी आणि हौस दोन वर्षं पुढे ढकलावी.

## २. गाडीच्या आधी विम्याचा आकडा मिळवा

तरुण आणि नवख्या चालकांचे अपघात जास्त होतात, म्हणून विमा कंपन्या त्यांच्याकडून जास्त हप्ता घेतात. त्यात गाडी ताकदवान असेल, तिचे भाग महाग असतील आणि ती चोरांच्या आवडीची असेल, तर हप्ता आणखी चढतो. जुन्या गाडीच्या बाबतीत वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. हे गाडी घेतल्यावर कळलं तर काहीच करता येत नाही. आधी कळलं तर मॉडेल बदलता येतं.

म्हणून मनातल्या तीन-चार मॉडेलांची नावं, इंजिन आणि साल लिहून घ्या आणि प्रत्येकीसाठी निरनिराळ्या कंपन्यांकडून लेखी कोटेशन मागवा. दिसायला सारख्या असलेल्या दोन गाड्यांच्या हप्त्यांत मोठं अंतर असतं. त्याच मॉडेलच्या लहान इंजिनाच्या आवृत्तीलाही बऱ्याचदा फरक पडतो.

इथले सापळे नीट वाचा.

मुख्य चालक म्हणून दुसऱ्याचं नाव. ‘विमा आईच्या किंवा वडिलांच्या नावाने काढ, तू फक्त जादा चालक म्हणून राहा’ हा सल्ला हमखास मिळतो. प्रत्यक्षात गाडी तुम्हीच रोज चालवणार असाल तर ही खोटी माहिती ठरते. अपघात झाला की कंपनी चौकशी करते, दावा फेटाळते, आणि अनेक देशांत ही थेट फसवणूक मानली जाते. घरच्यांची मदत घ्यायचीच असेल तर ती हप्ता भरायला घ्या, नाव द्यायला नको.

न सांगितलेले बदल. आधीच्या मालकाने सायलेन्सर बदललेला असतो, चाकं मोठी टाकलेली असतात, इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली असते. हे विमा कंपनीला कळवलं नाही तर पॉलिसी हातात असूनही ऐनवेळी उपयोगी पडत नाही. माझं मत विचाराल तर पहिली गाडी कंपनीतून आली तशीच असलेली घ्या. विकतानाही तशाच गाडीला मागणी असते.

स्वतः सोसायची रक्कम. हप्ता कमी दिसतो, पण प्रत्येक दाव्यात सुरुवातीचा मोठा भाग तुमच्या खिशातून जाणार असतो. कोटेशनमध्ये हा आकडा शोधा. तो तुमच्याकडे रोख नसेल तर ती पॉलिसी तुमच्यासाठी स्वस्त नाही.

रेस ट्रॅक. रस्त्यासाठी काढलेला विमा ट्रॅकवर सहसा लागू होत नाही. ट्रॅकवर जायचं असेल तर वेगळी सोय करावी लागते.

काही ठिकाणी गाडीत एक यंत्र बसवून चालवण्याची पद्धत नोंदवतात आणि नीट चालवणाऱ्याला हप्त्यात सूट देतात. वेगाने चालवायची हौस असलेल्यांना हे नकोसं वाटतं, पण पहिल्या वर्षी जरूर घ्या. पैसे तर वाचतातच, शिवाय आपण ब्रेक किती जोरात आणि किती वेळा मारतो ते स्वतःला कळतं.

## ३. वर्षभराचा खर्च लिहून काढा

दहा-पंधरा वर्षांची स्पोर्ट्स कार साध्या नव्या गाडीच्या किमतीत, कधी त्याहूनही स्वस्तात मिळते. इथेच सगळे फसतात. गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. नवी असताना जी महाग गाडी होती तिचे ब्रेक, क्लच, टायर आणि मेकॅनिकची मजुरी आजही महाग गाडीचीच असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो प्रकार इथे अक्षरशः घडतो.

वहीत या नोंदी करा आणि प्रत्येकीसमोर गॅरेजमध्ये किंवा सुट्या भागांच्या विक्रेत्याकडे विचारून खरा आकडा लिहा. अंदाज लिहू नका.

- विमा, रस्ता कर, वार्षिक तपासणी
- इंधन: अनेक स्पोर्ट्स कारना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं.
- ऑइल, फिल्टर आणि ठरावीक सर्व्हिस
- पार्किंग
- टायर, ब्रेक, क्लच
- टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा), असेल तर

टायरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथे धक्का बसतो. स्पोर्ट्स कारचे टायर रुंद असतात आणि रबर मऊ असतं, म्हणून ते लवकर झिजतात. बऱ्याच गाड्यांत पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे पुढचे मागे लावून आयुष्य वाढवता येत नाही. थंड हवेचा प्रदेश असेल तर आणखी एक बाब: उन्हाळी टायरची पकड तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की कमी होऊ लागते, तिथे दुसरा संच लागतो.

टायमिंग बेल्टला किलोमीटर आणि वर्षं या दोन्ही मर्यादा असतात. फार न चाललेल्या गाडीचा बेल्टही वयाने संपतो आणि तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिनच जातं. बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच समजून खर्च धरा.

सगळी बेरीज झाली की माझा नियम लावा: हातातल्या एकूण रकमेच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त पैसे गाडीच्या किमतीला घालायचे नाहीत. उरलेला चौथा भाग पहिल्या वर्षातल्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवायचा. हा भाग उरत नसेल तर एक पायरी खालची गाडी बघा.

## ४. कर्जाबद्दल

विद्यार्थ्याने स्पोर्ट्स कारसाठी कर्ज काढू नये. याला मी अपवाद करत नाही.

कारण साधं आहे. नवी गाडी पहिल्या काही वर्षांत झपाट्याने किंमत गमावते, कर्ज मात्र हळूहळू फिटतं. मधल्या काळात गाडीच्या किमतीपेक्षा देणं जास्त असतं. तेव्हा गाडी अपघातात निकामी झाली तर विमा कंपनी त्या दिवसाची बाजारभावाची रक्कम देते, आणि गाडी नसताना उरलेले हप्ते भरत राहावे लागतात. महिन्याचा हप्ता लहान दाखवून शेवटी एकच मोठी रक्कम मागणाऱ्या योजना तर अजिबात नकोत. आणि घरच्या कुणाला जामीन ठेवलंत तर तुमच्या हौसेचा भार त्यांच्यावर पडतो, हे त्यांना स्पष्ट सांगूनच ठेवा.

## ५. गाडी निवडताना ताकदीपेक्षा वजन बघा

वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं ब्रेकिंगचं अंतर चौपट होतं. ताशी १०० ऐवजी १४० किलोमीटर वेग असेल तर ते अंतर जवळजवळ दुप्पट होतं. ताशी १०० ला गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच बरंच अंतर गेलेलं असतं. हे गणित गाडी कितीही चांगली असली तरी बदलत नाही. ताकदवान गाडी त्या वेगाला तुम्हाला नकळत नेते, एवढाच फरक.

म्हणून नवख्या चालकासाठी चांगली स्पोर्ट्स कार म्हणजे हलकी, माफक ताकदीची आणि स्टिअरिंगमधून रस्त्याची नीट जाणीव देणारी. उत्तम उदाहरण म्हणजे माझदा एमएक्स-५. १९८९ साली ती १.६ लिटरच्या साध्या इंजिनासह आली, वजन एक टनाच्या आसपास. दहा लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे भाग मिळतात आणि ती ओळखणारे मेकॅनिकही मिळतात. थोडी मोठी हवी असेल तर २०१२ साली आलेली टोयोटा ८६ आणि तिची जुळी सुबारू बीआरझेड: २ लिटर इंजिन, साधारण २०० अश्वशक्ती, मागे दोन लहान सीट.

गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असलंच पाहिजे. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करते. १९९५ साली मर्सिडीजच्या महागड्या मॉडेलमधून ती बाजारात आली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत ती आहे असं गृहीत धरू नका. होंडा एस-२००० ही अप्रतिम गाडी आहे, पण १९९९ पासूनच्या सुरुवातीच्या गाड्यांत ही यंत्रणा नव्हती आणि मागच्या चाकांना ताकद मिळणारी ती गाडी ओल्या वळणावर अॅक्सिलरेटर एकदम सोडला तर मागून फिरते. तिच्यासाठी आधी काही वर्षांचा सराव हवा.

काही गाड्या जुन्या बाजारात स्वस्त दिसतात त्याला कारण असतं:

- माझदा आरएक्स-८: पिस्टनऐवजी रोटरी इंजिन. थोडं ऑइल जाळणं तिच्या रचनेतच आहे, म्हणून पातळी सतत बघावी लागते. कॉम्प्रेशन (इंजिनाच्या आत तयार होणारा दाब) मोजायला खास यंत्र लागतं आणि ती मोजणी न करता ही गाडी घेऊच नये. गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर परत फिरा.
- पहिल्या पिढीची पोर्शे बॉक्स्टर: इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग काही गाड्यांत निकामी होतं आणि इंजिन संपवतं. बेअरिंग बदलल्याची पावती मागा.
- बीएमडब्ल्यू एम-३, ई-४६ पिढी: मागची सबफ्रेम (मागची चाकं धरून ठेवणारी लोखंडी चौकट) जिथे बसते तिथला पत्रा तडकतो. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय दिसत नाही.

तुमच्या मनातलं मॉडेल यात नसेल तरी त्याचीही अशी ओळखीची दुखणी असणार. त्या मॉडेलवर रोज काम करणाऱ्या मेकॅनिकला ‘ही गाडी कशाने बंद पडते’ एवढंच विचारा आणि तो बोलेल ते लिहून घ्या.

## ६. विक्रेत्याकडून मागायची कागदपत्रं

- नोंदणी प्रमाणपत्र, त्यावर विकणाऱ्याचंच नाव आणि त्याचं ओळखपत्र
- सर्व्हिसची नोंदवही आणि पावत्या
- गाडीवर कर्ज नसल्याचा किंवा फिटल्याचा दाखला
- कराच्या आणि तपासणीच्या चालू पावत्या
- अपघाताची दुरुस्ती झाली असेल तर तिचं बिल आणि फोटो
- दोन्ही किल्ल्या

गाडीचा ओळख क्रमांक १७ अक्षरअंकांचा असतो. तो काचेखाली किंवा दाराच्या चौकटीवर, चॅसीवर आणि कागदावर सारखाच आहे का ते एकेक अक्षर जुळवून बघा. तोच क्रमांक गाडीच्या कंपनीला देऊन रिकॉल (सदोष भाग बदलायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का विचारा. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. ही दुरुस्ती फुकट असते, तरी ती न झालेल्या गाड्या अजूनही विकायला येतात.

कर्ज बाकी असलेली गाडी घेतलीत तर अनेक ठिकाणी कर्ज देणारी संस्था ती तुमच्याकडून उचलून नेऊ शकते. पैसे विक्रेत्याकडे गेलेले असतात आणि गाडीही जाते. विक्रेता कितीही भला वाटला तरी दाखल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

## ७. गाडी बघायला जाताना

सोबत न्यायचं: टॉर्च, हातमोजे, टायरची खोली मोजायचं साधन, ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकाला जोडून दोषाच्या नोंदी वाचायचं छोटं यंत्र), जमल्यास रंगाची जाडी मोजायचं यंत्र, आणि गाडीच्या प्रेमात न पडलेला एक मित्र.

दिवसा, कोरड्या हवेत जा. ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असं आधीच कळवा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर विचारा का. थंड इंजिन सुरू होतानाच सगळं बोलतं: निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आत जात असण्याची शक्यता, काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त. पहिल्या काही सेकंदांत इंजिनातल्या साखळीचा खडखडाट येतो का ते ऐका.

मग गाडीभोवती फिरा. दारं, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. कंपनीच्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. एखाद्या भागावर ती कित्येक पटीने जास्त दिसली तर खाली पुट्टी भरलेली आहे. लोहचुंबकाची जुनी युक्ती इथे भरवशाची नाही, कारण अनेक स्पोर्ट्स कारचे पत्रे अॅल्युमिनियमचे असतात.

टायरच्या बाजूला चार अंक असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी रबर जुनं झालं की पकड जाते. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाने इतर ठिकाणीही काटकसर केलेली असण्याची शक्यता मोठी.

ओबीडी रीडर लावल्यावर नुसते दोषाचे कोड बघून थांबू नका. इंजिनाच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत का तेही बघा. बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात किंवा बॅटरी काढलेली असू शकते.

## ८. चालवून बघताना

आधी तुमचा विमा या फेरीला लागू आहे का ते विचारा. रेडिओ बंद, काचा खाली. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगात अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे चढले पण वेग नाही, तर क्लच संपला. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये जाताना किरकिर येते का बघा, जोरात चालवलेल्या गाडीत तिथेच झीज होते. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या किंवा असमान झिजलेल्या आहेत. इंजिन गरम होईपर्यंत फेरे वाढवू नका, आणि विक्रेता स्वतः थंड इंजिन रेस करत असेल तर त्याने गाडी एरवी कशी वागवली ते समजून घ्या.

## ९. मेकॅनिक, भाव, पैसे

तुमच्या ओळखीच्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून लिफ्टवर तपासणी करून घ्या. विक्रेत्याने नकार दिला तर तिथेच विषय संपला. मिळालेल्या दोषांच्या दुरुस्तीचा आकडा लेखी घ्या आणि तो समोर ठेवून भाव करा. पैसे बँकेतूनच द्या आणि नाव बदलायचे कागद त्याच दिवशी पूर्ण करा. ‘आज दुसरा गिऱ्हाईक येतोय’ असं कुणी म्हणालं तर त्याला येऊ द्या.

## १०. पहिले सहा महिने

सगळ्यात आधी ऑइल आणि सगळे फिल्टर बदला, म्हणजे तुमची नोंद तुमच्यापासून सुरू होईल. टायरमधली हवा महिन्यातून किमान एकदा, थंड टायरवर तपासा.

गाडी समजेपर्यंत एकट्याने चालवा. तरुण चालकासोबत त्याच्याच वयाचे प्रवासी जितके जास्त, तितका जिवघेण्या अपघाताचा धोका वाढतो हे अनेक देशांच्या आकडेवारीत दिसलं आहे. म्हणूनच न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत आणली तेव्हा सुरुवातीच्या काळात प्रवासी नेण्यावर आणि रात्री चालवण्यावर बंधनं घातली. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी ही बंधनं स्वतःवर घालून घ्या. दुसरी सीट मोकळी दिसली की मित्र आग्रह करतात, त्यांना सहा महिने नाही म्हणा.

जवळपास घसरणीचा सराव देणारं प्रशिक्षण केंद्र असेल तर एक दिवस तिथे घालवा. ओल्या, मोकळ्या मैदानावर गाडी सुटते कशी आणि सावरते कशी हे शिक्षकासोबत शिकलेलं शरीर विसरत नाही. कुठल्याही नव्या सायलेन्सरपेक्षा त्या दिवसाची फी आधी भरा.

आणि गाडी कधी विकायची ते आजच वहीत लिहून ठेवा. माझी खूण अशी: दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम निम्म्यावर आली आणि पुढच्या सहा महिन्यांत ती भरून निघणार नसेल, तर चालू स्थितीत, सगळ्या पावत्यांसह गाडी विकायला काढायची. बंद पडलेली स्पोर्ट्स कार मिळेल त्या भावात द्यावी लागते. चालत्या, नीट सांभाळलेल्या गाडीसाठी मात्र गिऱ्हाईक स्वतःहून फोन करतं.